श्रमाचाही दाखला

अमेरिकेत केंटकी राज्यात बरीआ नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथल्या कॉलेजाने १८९२ पासून विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेतलेली नाही. प्रवेश मिळतो तो प्रामुख्याने बेताच्या परिस्थितीतील मुलांना. आता, फी नाही म्हटले की आपल्या मनात चटकन दानधर्म येतो. आपल्याकडे वार लावून जेवणारा गरीब विद्यार्थी शिकला खरा, पण मान खाली घालून शिकला. बरीआत तसे नाही. तेथे प्रत्येकाला आठवड्यातून निदान दहा तास काम करावेच लागते. कोणी झाडू बांधतो, कोणी मागावर बसतो, कोणी ग्रंथालयात पुस्तके लावतो. बून टॅव्हर्न हे १९०९ साली उघडलेले हॉटेलही कॉलेजचेच. सगळेच राबतात, तेव्हा लाजायचे कोणी कोणाला?

या मुलांच्या कष्टावर कॉलेज चालते, असे मात्र कोणी समजू नये. मोठा भार देणग्यांतून साठवलेल्या निधीवर आहे. उलट मुलांनाच कामाचा मोबदला मिळतो. मग हा खटाटोप कशासाठी? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५५ साली जॉन फी या गुलामगिरीच्या कट्टर विरोधकाने ही संस्था काढली, तेव्हा केंटकीत गुलामगिरी चालू होती. हाताने काम करणे म्हणजे गुलामाचे काम, अशी ज्या मुलखाची समजूत, तेथे पदवी घेणाऱ्याच्या हाती झाडू देणे ही साधी गोष्ट नव्हे.

तेथे वर्षातून एकदा श्रमदिन पाळतात. त्या दिवशी तासिका बंद! निरनिराळी खाती आपापली मेजे मांडून बसतात. मुले हिंडतात, कामाची चौकशी करतात, पुढच्या वर्षी कोणत्या खात्यात जावे ते ठरवतात. खात्यांनाही चांगली मुले हवीच असतात, त्यामुळे प्रश्नोत्तरे दोन्हीकडून होतात. नोकरीच्या मुलाखतीची याहून चांगली तालीम कोणती? उत्तम काम करणाऱ्यांचा सत्कारही होतो. आमच्या स्नेहसंमेलनात बक्षिसे मिळतात ती नाटकाला आणि वक्तृत्वाला. प्रयोगशाळेतल्या काचा धुणाऱ्याला टाळी मिळाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेही ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. बरीआची एक सोय मात्र आपण उचलावी अशी आहे. तेथला विद्यार्थी कॉलेज सोडतो तेव्हा त्याच्या हाती गुणपत्रिकेबरोबर श्रमाचाही दाखला असतो. कोणत्या खात्यात काय काम केले, ते कसे केले, हे त्यात नोंदलेले असते.