पाण्याच्या धारेवर फिरणारे जाते
पाणचक्कीचे रहस्य : वीज नाही, इंजिन नाही, केवळ उतार आणि झरा

गडचांदूर : सिमेंटसाठी चुनखडी दळणाऱ्या विजेच्या अजस्र चक्क्यांचा आवाज गडचांदूरकरांच्या कानांना सवयीचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत वेरूळ-अजिंठा पाहण्यासाठी येथून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या पर्यटकांनी एक दिवस मात्र निराळ्या चक्कीसाठी राखून ठेवावा. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ असलेली ऐतिहासिक पाणचक्की केवळ वाहत्या पाण्याच्या बळावर फिरते.

पाणचक्की हा सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसराचाच एक भाग आहे. बाबा मध्य आशियातील बुखारा प्रांतातून औरंगजेबाच्या काळात येथे आले. दर्ग्यात येणारे यात्रेकरू, फकीर आणि शिष्य यांच्या अन्नासाठी रोज मोठ्या प्रमाणावर पीठ लागत असे. त्या गरजेतून ही चक्की उभी राहिली. तिच्या उभारणीचे श्रेय निजामाच्या दरबारातील सरदार तुर्कताज खान यांना दिले जाते, तर पुढचा आयताकार हौद व कारंजी जमील बेग खान यांनी नंतर बांधली.

चक्कीचे खरे रहस्य मात्र जमिनीखाली आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातील झऱ्याचे पाणी भूमिगत नहरीने काही किलोमीटर अंतर कापून येथे पोहोचते. झरा उंचावर आणि चक्की सखल भागात असल्याने पाणी ओढण्यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता भासत नाही. बंद नळातील पाणी आपली मूळ पातळी गाठू पाहते. या साध्या नियमामुळे ते दर्ग्यालगतच्या उंच भिंतीवर आपोआप चढते आणि तेथून धबधब्याप्रमाणे हौदात कोसळते.

याच पाण्याचा जोरदार झोत चक्कीखालील आडव्या चाकाच्या पात्यांवर सोडला जातो. चाकाच्या मध्यभागी उभा दांडा असून तो थेट जात्याच्या वरच्या तळीला जोडलेला आहे. खालची तळी स्थिर राहते, वरची फिरते आणि दोहोंमध्ये धान्य भरडले जाते. हिमालयातील ‘घराट’ याच तत्त्वावर चालतात.

हौदाचे पाणीही वाया जात नाही. हौदाचा तळ हेच खालच्या खांबांच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. त्यामुळे कडक उन्हाळ्यातही हे दालन थंड राहते. उरलेले पाणी शेवटी खाम नदीला मिळते. दळण, गारवा आणि सौंदर्य अशी तीन कामे एकाच प्रवाहाकडून करून घेणारी ही योजना थक्क करणारी आहे.

तथापि, झरा आटला की चाक थांबते. उन्हाळ्यात, विशेषतः टंचाईच्या वर्षी, धार क्षीण होते. नहरीच्या मार्गावर आता शहर वाढले आहे. खोदकामात नळ फुटले किंवा डोंगरावरील पाण्याचे मुरणे थांबले, तर देखणी इमारत उभी राहूनही पाणचक्की मुकी होईल. म्हणूनच जतन करायचे ते केवळ दगडी जाते नव्हे, तर झऱ्यापासून हौदापर्यंतची अखंड वाट होय.

पावसाळा संपल्यानंतरचे दिवस भेटीसाठी उत्तम. बीबी का मकबरा जवळच असल्याने दोन्ही स्थळे एका दिवसात निवांतपणे पाहून होतात.