गळाला काय लावावे?

‘आमिष’ हा शब्द हल्ली वर्तमानपत्रात बहुधा फसवणुकीच्या बातमीतच भेटतो. दामदुपटीचे आमिष, नोकरीचे आमिष, प्लॉटचे आमिष. बँकेच्या नोकरीत उमर काढलेल्या माझ्यासारख्याला तर तो याच अर्थाने परिचयाचा. मूळ अर्थ मात्र अगदी साधा आहे : मांस. ‘निरामिष’ भोजन म्हणतो ते त्यावरूनच. मांसाचा तुकडा गळाला लागला आणि शब्दाला लबाडीचा वास आला. भंडाऱ्याच्या तळ्याकाठी मी हा शब्द क्वचितच ऐकला. तिथे म्हणतात ‘चारा’. आमिष दाखवणाऱ्याला आपला फायदा ठाऊक असला की पुरते; चारा लावणाऱ्याला मात्र दुसऱ्याची भूक ठाऊक असावी लागते.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. धानाच्या शेतीसाठी कोहळी समाजाच्या जाणत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळी बांधून पाणी अडवले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि या तळ्यांना सरकारदरबारी ‘माजी मालगुजारी’, म्हणजे थोडक्यात ‘मामा तलाव’, असे नाव पडले. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा नवेगावबांधसारखे मोठे जलाशय तिकडे गेले. तरी भंडाऱ्याच्या वाट्याला गावोगावची तळी आणि वैनगंगा उरलीच. पाणी धानाचे असले तरी मासा ढिवरांचा, ही इथली जुनी वाटणी.

जाळ्याला निवड नसते. जे सापडेल ते त्यात येते. गळाचे तसे नाही. गळाला काय लावले, यावर कोण येणार हे ठरते. रोहू आणि मृगळ कणकेच्या, भाताच्या कोंड्याच्या आणि ढेपेच्या गोळ्याला येतात. मृगळ तळाशी चरतो, कटला वरच्या थरात. म्हणून चारा तोच असला तरी दोरीची लांबी बदलते. मागूर आणि शिंगी या मिशावाल्या माशांना गढूळ पाण्यात, रात्रीच्या अंधारात मिशांच्या स्पर्शाने आणि वासाने अन्न कळते. त्यांना गांडूळ हवे, कोंबडीचे आतडे हवे. चारा कोणता चांगला, असे एका म्हाताऱ्या ढिवराला विचारले, तर तो म्हणाला, “मासा कोनता, पानी कसा, हे सांगल्याबिगर चारा कायचा सांगू साहेब?” कर्जाचा अर्ज वाचताना आम्हीही याहून वेगळे काही विचारत नव्हतो.

या सर्वांत मानी तो मरळ. काठच्या गवतात, कमळाच्या पानांखाली तो दबा धरून बसतो आणि हलत्या जिवावर झडप घालतो. पाण्यातला प्राणवायू त्याला पुरत नाही. अधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. तेव्हा उठणाऱ्या बुडबुड्यावर जाणत्याची नजर असते. त्याच्यासाठी गळाला जिवंत बेडकी लावण्याची रीत जुनी.

तिकडे अमेरिकेत ‘बास’ नावाचा असाच दबा धरणारा मासा आहे, आणि त्याच्या गळाभोवती एक अख्खा उद्योग उभा आहे. शिशाचे डोके ओतलेल्या, रबरी झालर लावलेल्या गळाला ते ‘जिग’ म्हणतात. त्याच्या मागे शेपटासारखा एक मऊ तुकडा अडकवतात. पूर्वी ती खारवलेली डुकराची कातडी असे. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ ओतला आणि पुढे कातडीची जागा प्लॅस्टिकने घेतली. हा तुकडा निवडण्याचे त्यांचे ठोकताळे ऐकण्यासारखे आहेत. पाणी थंड असेल तर मासा सुस्त असतो. तुकडा लहान, कमी हलणारा हवा. पाणी उबदार असेल तर फडफडणारा. पाणी निवळ असेल तर रंग खऱ्या भक्ष्याच्या जवळचा. गढूळ असेल तर गडद आणि रुंद, कारण तिथे मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने, पाण्याच्या कंपावरून भक्ष्य ओळखतो. म्हाताऱ्याने विचारले तेच, फक्त दुकानातल्या पाकिटावर छापलेले.

आता ही पाकिटे आपल्याकडेही मिळतात. हौशी तरुण मरळसाठी रबरी बेडूक वापरतात. पोकळ, मऊ, गळाची टोके पाठीला चिकटलेली, त्यामुळे वेलीत अडकत नाहीत. माशाने चावा घेतला की रबर दबते आणि टोके बाहेर येतात. यात एक पुण्यही आहे. खरा बेडूक वाचतो. धानाच्या बांधीत किडे खाणाऱ्या या प्राण्याच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, ती उगीच नव्हे.

परंतु चाऱ्याचा खरा प्रश्न पुढेच आहे. पावसाळ्यात मरळची वीण होते. तांबूस-केशरी पिलांचा झुबका पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि खाली पालक, विशेषतः नर, पहारा देतो. त्या झुबक्यात बेडूक टाकला की मरळ हमखास तोंड घालतो. भुकेने नव्हे, रागाने, पिलांच्या काळजीने. तो काढला की उरलेल्या पिलांना दुसरे मासे आणि बगळे काही वेळातच संपवतात. एका गळाला एक मासा लागला असे दिसते. हिशेबात मात्र अख्खी पिढी जाते. पोटासाठी मासा धरणाऱ्या ढिवराला पुढच्या वर्षीही त्याच तळ्यावर जगायचे असते. रविवारी मोटारीने येणाऱ्याला तशी गरज नसते. म्हणून बंधन घालायचेच तर ते आधी हौसेवर घालावे. समुद्रावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते. तळ्यावर निदान पिलांचा झुबका तरी सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट शिशाची. तुटलेल्या दोरीसोबत वजने तळाशी राहतात आणि पाणपक्षी ती खड्यांबरोबर गिळतात. इंग्लंडमध्ये हंस असे मरू लागले, तेव्हा १९८७ मध्येच गळाच्या लहान शिसे-वजनांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या भंडारा-गोंदियाच्या तळ्यांवर आणि बांध्यांत महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस चरतात, हे विसरता येत नाही. फाटलेले मऊ तुकडेही पाण्यात कुजत नाहीत. ते खिशात घालून परत आणणे मुळीच अवघड नाही.

मच्छीमार सहकारी संस्थांच्या कर्जप्रकरणांत जाळे, नाव, मत्स्यबीज यांचे रकाने असत. गवताचा रकाना नसे. आणि मरळ तर गवतावर जगतो. पतिराम तुमसरे, मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्याच ज्ञानाच्या आधारे तळ्यांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्याचे मोल इथे कळते. काठाशी गवत असेल तर बेडूक येतो, लहान मासा येतो, त्यांच्या मागे मरळ येतो. तळ्याचा चारा आधी सांभाळला, तर गळाच्या चाऱ्याचा विचार करण्यात अर्थ आहे.