कोव्हॅट
‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ (१९९३–९९) या अमेरिकन विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिकेतील परग्रहवासी बचाव-वकील. ‘ट्रायब्यूनल’ (१९९४) या भागात फ्रिट्झ वीव्हर याने ही भूमिका केली. कार्डेशियन न्यायपद्धतीत निकाल व शिक्षा खटल्यापूर्वीच ठरलेली असते. खटला हा आरोपीच्या कबुलीचा व शासनाच्या न्यायीपणाचा केवळ जाहीर सोहळा असतो. त्यामुळे ‘कॉन्झर्व्हेटर’ या पदावरील वकिलाचे कार्य अशिलास सोडविणे हे नसून निकालाची न्याय्यता त्याच्या गळी उतरविणे हे असते. शस्त्रवाहतुकीच्या खोट्या आरोपाखाली पकडलेल्या ओब्रायन या मानवाचा ‘बचाव’ वृद्ध कोव्हॅट याच निष्ठेने करतो. तो दुष्ट नाही. सौजन्यशील व कर्तव्यतत्पर आहे. शासनाचे कारस्थान उघडकीस येण्याच्या भीतीने न्यायाधीश आरोपीस मुक्त करते, तेव्हा खटला ‘जिंकलेला’ कोव्हॅट स्वतःच्याच जिवाच्या धास्तीने हादरतो. याउलट, ‘जजमेंट’ (२००३) या ‘स्टार ट्रेक : एंटरप्राइझ’ मालिकेच्या भागातील क्लिंगॉन वकील कोलोस न्यायासनावर उघड टीका करून कारावास पत्करतो. वकिलाच्या केवळ उपस्थितीने बचावाचा हक्क सिद्ध होत नाही. पुराव्याने निकाल बदलू शकणे ही त्याची मूलभूत अट होय, हे तत्त्व या दोन व्यक्तिरेखांतून स्पष्ट होते.