वाचलें खरें, पण उमगलें काय?

मुलाचें वाचन कसें चाललें आहे असें विचारलें, म्हणजे पालक कौतुकानें सांगतात, "धडाधड वाचतो." आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माझीही समजूत अशीच होती. ती एका विद्यार्थ्यानें मोडली.

साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' आपल्या परिचयाची आहे. स्नानानंतर तळपाय मळूं नयेत म्हणून श्याम हट्ट धरतो. आई आपलें लुगडें पसरून तो पुरविते, आणि मनही असेंच जपावयास सांगते. हा प्रसंग त्या मुलानें न अडखळतां वाचला. प्रश्नांचीं उत्तरें पुस्तकांतल्या वाक्यांतच लिहिलीं. मीं पैकीच्या पैकी गुण दिले. मग सहज विचारलें, "आई काय शिकविते, रे?" तो म्हणाला, "पाय स्वच्छ ठेवावे."

दोष त्याचा नव्हता. उत्तर शोधावयास मीं शिकविलें होतें, विचार करावयास नाहीं.

तेव्हांपासून वाचन संपतांच पुस्तक मिटावयाचें आणि पांच मिनिटें लिहावयाचें, असा परिपाठ ठेविला. प्रश्न तीनच: काय घडलें तें आपल्या शब्दांत सांगा, कोठें अडलां? आणि हें वाचून स्वतःचें काय आठवलें? चार-पांच ओळी पुरेत. त्यांस गुण नाहींत, तांबडी शाईही नाहीं.

यानें काय साधतें? लिहितांना महत्त्वाचें कोणतें तें निवडावें लागतें, कारण आणि परिणाम जोडावे लागतात. जेथें लेखणी थबकते, तेथेंच समज अपुरी आहे, हें मुलाला स्वतःसच कळतें. अमेरिकेंतील स्टीव्ह ग्रॅहॅम व मायकेल हीबर्ट यांनीं २०१० सालीं अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र पडताळले. वाचलेल्याविषयीं लिहिल्यानें आकलन वाढतें, असेंच त्यांस आढळलें. मात्र नुसता मजकूर उतरवून काढणें म्हणजे असें लेखन नव्हे.

घरींही हें सहज जमेल. जुनी वही व पांच मिनिटें पुरेत. आपण केवळ वाचावें, चुका काढूं नयेत.

कांहीं आठवड्यांनीं तोच प्रसंग मीं पुन्हां वाचावयास दिला. त्या मुलानें लिहिलें, "आई रागावली नाहीं, म्हणून श्यामला लाज वाटली असेल. मी ओरडतों तेव्हां माझी आईसुद्धां गप्प बसते."

त्या दोन ओळींत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मीं एकीसही हात लाविला नाहीं.