धावपट्टीच्या जाडीचा हिशेब

विमानाचा भार पेलण्यासाठी धावपट्टी किती जाड असावी, या प्रश्नाचे उत्तर कागदावर एका ओळीच्या सूत्राने निघते. परंतु त्या सूत्रात मातीच्या वतीने जो एकच आकडा भरावयाचा असतो, तो हाती येईपर्यंत प्रयोगशाळेत जे सोपस्कार चालतात, ते पाहिल्यावाचून त्या उत्तरावर कितपत भरवसा ठेवावा हे कळत नाही. दख्खनच्या काळ्या मातीचा नमुना चाळून, मोजके पाणी घालून, 6 इंच व्यासाच्या लोखंडी साच्यात थराथराने ठोकून भरतात. वरच्या थरांचा जो बोजा पुढे तिच्यावर यावयाचा, त्याच्या बदली मध्यभागी भोक असलेल्या लोखंडी चकत्या ठेवतात. आणि मग साचा चार दिवस पाण्यात बुडवितात, कारण हिशेब करावयाचा तो वैशाखातल्या टणक जमिनीचा नव्हे, श्रावणातल्या भिजलेल्या जमिनीचा. साच्यावरील तिकाटण्याला जोडलेला काटा रोज सकाळी थोडा पुढे सरकलेला दिसतो. माती पाणी पिऊन फुगत असते, आणि माथ्यावरील लोखंडाची तिला फारशी तमा नसते.

मग साचा दाबयंत्राखाली येतो. 3 चौरस इंच तोंडाचा पोलादी दट्ट्या मिनिटाला इंचाचा विसावा भाग, इतक्या संथ गतीने मातीत उतरवावयाचा. एकाने हँडल फिरवावे, दुसऱ्याने काटे पाहून आकडे पुकारावेत, तिसऱ्याने ते नोंदवहीत उतरवावेत. मध्ये कोणी बोलत नाही. दट्ट्या दशांश इंच रुतला की त्या क्षणीचा भार टिपतात. प्रमाण मानलेल्या फोडलेल्या खडीत तो एवढा रुतविण्यास 3,000 पौंड लागतात. आमच्या मातीला 60 पौंड पुरले, म्हणजे एखाद्या शाळकरी पोराचे वजन. शेकडा 2, हा तिचा सी. बी. आर., म्हणजे कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो.

ही कसोटी मुळात विमानांसाठी नव्हतीच. 1930 च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या हमरस्ते खात्यात ओ. जे. पोर्टर यांनी ती मोटाररस्त्यांसाठी बसविली होती. 1940 च्या अखेरीस अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाकडे लष्करी विमानतळांचे काम आले, आणि पुढल्याच वर्षी सांता मोनिकाच्या क्लोव्हर फील्डवर डग्लस कंपनीच्या एक्सबी-19 या अजस्र बॉम्बफेकी विमानाची 8 फूट उंचीची चाके फरसबंदी फोडून खाली गेली. नवे शास्त्र उभारण्याइतकी सवड युद्धाने दिली नाही. सबब मालमोटारींच्या अनुभवावर आखलेले पोर्टर यांचे वक्र विमानांच्या भारापर्यंत लांबविण्यात आले, आणि स्टॉकटन येथे जड चाके प्रत्यक्ष फिरवून ते पडताळून पाहिले गेले. पुढे त्यांतून जे सूत्र निघाले, त्यातील 8.1 हा अंक कोणत्याही सिद्धांताच्या पोटी जन्मलेला नाही; मोडलेल्या आणि न मोडलेल्या पट्ट्यांनी मिळून दिलेली ती साक्ष आहे, आणि मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही.

रीत अशी: एका चाकावरील भाराला सी. बी. आर.च्या 8.1 पटीने भागावे, त्यातून टायरच्या टेकणीचे क्षेत्रफळ भागिले पाय ही रक्कम वजा करावी, आणि बाकीचे वर्गमूळ घ्यावे. चाकावर 30,000 पौंड आणि टायरमध्ये चौरस इंचास 100 पौंड दाब असेल, तर टेकणी 300 चौरस इंचांची. आणि आमच्या काळ्या मातीवर एकंदर जाडी निघते 42 इंच. इतकी सगळी खडी कोण घालणार? म्हणून हाच हिशेब मुरुमासाठी पुन्हा मांडावयाचा. मुरुमाचा सी. बी. आर. 10 भरला, तर त्याच्या डोक्यावर 17 इंचच पुरतात. तेवढ्यात खडी व डांबर बसवावे आणि उरलेले 25 इंच मुरुमाने भरून काढावेत.

टायरचा दाब दुप्पट धरून पाहिला, तर उत्तर जेमतेम अर्ध्या इंचाने वाढते. दाबाचा जाच वरच्या डांबराला, खालच्या मातीला मतलब एकूण वजनाशी. दाब तोच ठेवून वजन दुप्पट केले, तर मात्र 42 चे 59 होतात. म्हणूनच विमानांची चाके वाढत गेली. पण तेथेही माती पुरती फसत नाही. जोडचाकांमधील मोकळ्या जागेच्या निम्म्या खोलीपर्यंत प्रत्येक चाक आपल्यापुरते दाबते. त्याखाली त्यांचे भार एकमेकांत मिसळू लागतात, आणि केंद्रांमधील अंतराच्या दुप्पट खोलीवर ती जोडी एकच चाक असल्यासारखी वागते. विमान उतरताना बसणारा हादरा सर्वांत घातक, ही प्रवाशांची समजूतही येथे टिकत नाही: उतरताना इंधन संपत आलेले असते आणि काही भार पंखांवर असतो. खरा छळ होतो तो टाकी भरून, उड्डाणाच्या हुकुमाची वाट पाहत विमान जेथे रेंगाळते, तेथे.

सूत्राचे गणित नवशिक्या कारकुनालाही चुकत नाही. वाद होतो तो सी. बी. आर. कोणता धरावा यावर. पट्टीच्या लांबीभर घेतलेल्या नमुन्यांत कोठे 2 निघतो, कोठे 3, आणि अंदाजपत्रकाच्या मंजुरीची घाई असलेल्या साहेबांचे बोट साहजिकच 3 वर जाते. दाबयंत्राच्या काट्यावर हा फरक अवघ्या 30 पौंडांचा. पण 3 धरल्यास 42 इंचांचे 34 होतात, आणि 6,000 फूट लांब व 150 फूट रुंद पट्टीवर तेवढ्या 8 इंचांचा मुरूम 6,000 ब्रास भरतो. तो वाचविण्याचा मोह समजण्यासारखा आहे. तरीही मी प्रत्येक वेळी 2 च लिहिला, आणि शेऱ्यात नमुना क्रमांकासह तो का लिहिला तेही नोंदवून ठेवले.