पंचसिलेच्या देशातील धर्मसंस्था

इंडोनेशियाच्या राज्यतत्त्वाचे नाव 'पंचसिला' आहे. शब्द आपल्या पंचशीलाचा. आशय मात्र वेगळा. आपले पंचशील व्यक्तीचे आचरण घडविते, तर पंचसिला राष्ट्रापुढे ईश्वरश्रद्धा, मानवता, ऐक्य, लोकशाही व सामाजिक न्याय ही तत्त्वे ठेवते. वीस कोटींहून अधिक मुस्लिम लोकसंख्या असूनही या देशाने इस्लामला राज्यधर्म केलेले नाही. हे समजण्यासाठी तेथील धर्मसंस्थांकडे पाहावे लागते.

१९१२ साली योग्यकर्ता येथे स्थापन झालेल्या 'मुहम्मदिया'ने शाळा, रुग्णालये व विद्यापीठे उभारली. १९२६ साली सुराबाया येथे जन्मलेल्या 'नहदलातुल उलामा'चा आधार म्हणजे 'पेसांत्रेन' ही निवासी धर्मविद्यालये. त्यांचे प्रमुख 'कियाई' हे ग्रामीण समाजात गुरूही असतात आणि तंट्यांत सल्लागारही. या आदराचे मतांत रूपांतर होणे अटळ होते. १९५५ च्या निवडणुकीत पक्ष म्हणून उतरलेल्या नहदलातुल उलामाला सुमारे १८ टक्के मते मिळाली.

हीच संघटनशक्ती विनाशकही ठरली. १९६५-६६ मध्ये साम्यवादी ठरवून लाखो लोकांची हत्या झाली. त्यात या संस्थेच्या युवक संघटनेचाही सहभाग होता.

१९८४ साली सितुबोंदो येथील अधिवेशनात संस्थेने पक्षीय राजकारण सोडून पंचसिला स्वीकारली. त्यामागे सुहार्तो राजवटीचा दबाव होताच. तरीही त्यातून नव्या विचाराला वाट मिळाली. त्याच वर्षी नेतृत्वपदी आलेले अब्दुर्रहमान वाहिद १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि चिनी समाजाच्या सार्वजनिक धर्माचरणावरील बंधने त्यांनी उठविली. २०१७ मध्ये चिरेबोन येथे स्त्री-धर्मपंडितांनी बालविवाहाविरुद्ध धर्ममत दिले. २०१९ मध्ये कायद्याने मुलींचे विवाहवय १६ वरून १९ वर्षे केले.

परंतु २०१७ मध्येच जकार्ताचे ख्रिस्ती गव्हर्नर बासुकी पुर्नामा यांना धर्मनिंदेसाठी दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे विधान धर्माचा अवमान असल्याचे उलेमा परिषदेने आधीच घोषित केले होते. आणि पंचसिलेचे पहिलेच तत्त्व एका ईश्वराचे असल्यामुळे तेथील बौद्धांना 'आदिबुद्ध' ही संकल्पना ईश्वराच्या जागी मांडावी लागली. उदार चौकटीतही अल्पसंख्याकाला बहुसंख्याकांच्या भाषेत आपली ओळख सांगावी लागते, हे आम्हांस विशेष जाणवते.

राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे व अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. कियाईंच्या शब्दावर पडणाऱ्या मतांना तो जसा लागू पडतो, तसाच परदेशातील आपल्या विहार समित्यांनाही. अनुयायांची संख्या मोजणे सोपे आहे. धर्मसंस्थेने प्रश्न विचारणारा नागरिक घडविला की नाही, ही खरी कसोटी आहे. ती दुसऱ्यांना लावण्याआधी आपण स्वतःला लावू या.