अल्फा व बीटा अवरोधक औषधे : कार्य आणि नामकरण

वसई-विरारच्या बाजारपेठेत औषधाच्या दुकानी नुसती ‘रक्तदाबाची गोळी’ मागितली, तर दुकानदाराला डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. या एकाच लौकिक नावाखाली अत्यंत भिन्न रीतीने कार्य करणारी औषधे मोडतात. अल्फा अवरोधक आणि बीटा अवरोधक हे त्यांपैकी दोन वर्ग होत. दोहोंनीही रक्तदाब उतरतो. तथापि, एका विशिष्ट प्रसंगी त्यांतील एक वर्ग प्राण वाचवितो, तर दुसरा प्राणावर बेतू शकतो. हा प्रसंग म्हणजे कोकणच्या किनारपट्टीला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला लाल विंचवाचा दंश.

भय, श्रम किंवा इजा यांच्या वेळी मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन आणि अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतून मुख्यत्वे नॉरअॅड्रिनॅलिन स्रवते. १९०६ साली हेन्री डेल यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. अर्गट या बुरशीजन्य द्रव्याचा अंमल असताना अॅड्रिनॅलिन दिले, तर रक्तदाब चढण्याऐवजी उतरे. द्रव्य तेच, परिणाम मात्र उलट! याचा उलगडा १९४८ साली रेमंड अल्क्विस्ट यांनी केला. सजातीय द्रव्यांचे निरनिराळ्या अवयवांवरील परिणाम पडताळून, पेशींवर या द्रव्यांचे संदेश स्वीकारणारी दोन प्रकारची स्थाने असली पाहिजेत, असे अनुमान त्यांनी मांडले. या स्थानांना ‘ग्राही’ म्हणतात. अल्फा ग्राही उद्दीपित झाले की रक्तवाहिन्या आकसतात. बीटा ग्राहींपैकी पहिल्या उपप्रकारामुळे हृदयाची गती व जोर वाढतो. दुसऱ्यामुळे श्वासनलिका आणि स्नायूंतील रक्तवाहिन्या सैल होतात. अर्गटने अल्फा ग्राही अडविल्यामुळे डेल यांच्या प्रयोगात केवळ बीटा परिणाम उरला होता.

अवरोधक औषध अॅड्रिनॅलिनचा नाश करीत नाही, किंवा त्याच्या उलट असा संदेशही देत नाही. ते ग्राहीची जागा अडवून बसते, एवढेच. म्हणून जेथे मूळ संदेशच मंद असतो, तेथे त्याचा परिणामही अल्प दिसतो. संदेशाचा जोर वाढला की अवरोधाचे महत्त्व वाढते. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे बीटा अवरोधक प्रचारात आले. हृदयाचे श्रम कमी करून हृच्छूलाला उतार देणे हा त्यामागील हेतू होता. या कार्यासाठी ब्लॅक यांना १९८८च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हेच औषध श्वासनलिकांचे बीटा ग्राहीही अडविते. यास्तव दम्याच्या रोग्याला ते वर्ज्य ठरते.

आता विंचूदंशाकडे वळू. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या आवरणातील सोडियमचे मार्ग नेहमीपेक्षा अधिक काळ उघडे ठेवते. परिणामी अॅड्रिनॅलिन व नॉरअॅड्रिनॅलिन यांचा लोंढा शरीरात सुटतो. प्रारंभी उलट्या व दरदरून घाम, पुढे हातपाय गार पडणे, वाढलेला रक्तदाब आणि अखेरीस थकलेल्या हृदयामुळे फुप्फुसांत पाणी साठणे, असा क्रम गंभीर रोग्यांत दिसतो. अशा वेळी बीटा अवरोधक दिल्यास हृदयाचा जोर ओसरतो आणि वाहिन्या सैल करणारा बीटा परिणामही थांबतो. अल्फा परिणाम मात्र मोकाट राहतो. आकसलेल्या वाहिन्यांच्या प्रतिरोधाविरुद्ध दुबळे हृदय झगडत राहते.

रायगड जिल्ह्यात महाड परिसरात सेवा करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रोग्यांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे अल्फा अवरोधक योजिले. वाहिन्या सैल झाल्या, हृदयावरील भार उतरला आणि त्यांच्या अहवालांनुसार सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आले. प्राझोसिन विषाला मात्र निष्प्रभ करीत नाही. ते कार्य प्रतिविषाचे. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७० रोग्यांच्या चाचणीत प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रोगी दहा तासांत बरे झाले, केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

प्राझोसिनची ओळख मुळात रक्तदाबावरील औषध अशीच होती. ते नाव प्रमाण मानले असते, तर विंचूदंशात बीटा अवरोधकही तितकेच योग्य वाटले असते. त्याच वर्गातील टॅम्सुलोसिन मूत्राशयाच्या मुखाशी व पुरःस्थ ग्रंथीतील स्नायू सैल करून वृद्धांचा मूत्रमार्गाचा अडथळा कमी करते. त्याला रक्तदाबाची गोळी कोणी म्हणत नाही. रोगावरून दिलेले नाव औषधाचा एखादा उपयोग सांगते. ग्राहीवरून दिलेले नाव त्याचे कार्य सांगते, आणि ते कोठे देऊ नये याचीही सूचना देते. मराठीत औषधविषयक परिभाषा घडविताना ‘अवरोधक’ या पदामागील ‘अल्फा’ वा ‘बीटा’ हे विशेषण गाळून चालणार नाही, ते याच कारणास्तव. त्या एका विशेषणावर रोग्याचे जगणे अवलंबून असू शकते.